चौदा हजारांत मिटवलेलं

माझ्याबरोबर भाजीबाजारात यायला माझी मुलगी लहानपणापासून नाखूश असायची. पंचवटीच्या बाजारात मेथीच्या एका जुडीसाठी मी तीनदा पुढे जाऊन परत यायचे, आणि ही तोवर दहा पावलं लांब उभी राहून आपला या बाईशी काही संबंध नाही असा चेहरा करायची. पुढे आम्ही इंदिरानगरला राहायला आलो, तरी रविवारची भाजी मी पंचवटीतूनच आणायचे. जाण्यायेण्यात जे जातं ते भाजीत वाचतं का, हा हिशेब नवऱ्याने एकदा मांडून दाखवला होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. सांगितलेल्या भावाला वस्तू घेऊन घरी येणं मला अपमानासारखं वाटायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

आमच्या घरात पगाराची स्लिप फक्त माझी. मी अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. नवरा रिक्षा चालवतो, आणि रिक्षाच्या कमाईला कागद नसतो. दोन्ही घरांच्या गोतावळ्यात स्लिप असलेली मी एकटीच. त्यामुळे ती माझी राहिलीच नाही. नणंदेचं वॉशिंग मशीन माझ्या स्लिपवर आलं, चुलत दिराचा मोबाइल माझ्या स्लिपवर आला. दोघांनी हप्ते वेळच्या वेळी दिले. मलाही बरं वाटायचं. दुकानातला माणूस माझ्यासाठी खुर्ची पुढे करायचा, नातेवाईक मागे उभे राहायचे, आणि मी पर्समधून स्लिपांची गुंडाळी काढायचे.

मग माझा धाकटा भाऊ आला. नांदगावला बाजाराजवळ त्याची थंड पेयांची आणि आइसक्रीमची टपरी आहे. त्याला डीप फ्रीजर हवा होता. पंचेचाळीस हजार, अडीच हजारांचे अठरा हप्ते. नाशिकच्या दुकानात तो मला म्हणाला, "ताई, सही तुझी, हप्ता माझा. तू टेन्शनच घेऊ नको." मुलगी तेव्हा सातवीत होती. फ्रीजरची काचेची झाकणं ती सरकवून बघत होती. मी सही केली.

पाच हप्ते त्याने नीट पाठवले. मग रस्ता रुंद करताना त्याची टपरी हलवली गेली आणि पैसे यायचे थांबले. हप्ता माझ्या खात्यातून कापला जायचा. मी काय केलं, तर पगार झाला की पैसे लगेच काढून घ्यायचे, म्हणजे त्यांच्या हाताला काही लागू नये. फ्रीजर त्याचा, मग मी का भरू? वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले. मी त्यांना नांदगावचा पत्ता द्यायचे आणि म्हणायचे, "वस्तू तिकडे आहे, तिकडे जा." ते म्हणायचे, सही इकडची आहे. कंपनीत फोन आला तेव्हा सुपरवायझरने मला सगळ्यांसमोर बोलावून फोन हातात दिला. मी भावावर चिडले होते, फोनवाल्यांवर चिडले होते, आणि मनात कुठेतरी आपण हुशारी करतोय असंही वाटत होतं.

सहा-सात महिन्यांनी एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. म्हणाली, "मॅडम, साडेबत्तीस हजार बाकी आहेत, पण तुम्ही पंचवीस हजार एकदम भरले तर प्रकरण मिटवून टाकू." मला काय हवं होतं? समोरच्याने स्वतःहून भाव पाडला होता. मी दहा म्हणाले. तीन दिवस ती फोन करत राहिली आणि मी मेथीच्या जुडीचं तंत्र वापरत राहिले. शेवटी चौदा हजारांवर आली. मी भरले. सेटलमेंट झाल्याचा मेसेज आला, फोन बंद झाले.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. कँटीनमध्ये तर डबा उघडायच्या आधी मी तीच सुरू करायचे. बत्तीसचे चौदा केले. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. भावाने ते चौदा हजार मला चार तुकड्यांत परत दिले, शेवटचे दोन हजार भाऊबीजेला ओवाळणीबरोबर ताटात टाकले. माझ्या दृष्टीने सगळं फिटलं होतं.

फ्रीजर घेतल्यापासून चार वर्षांनी मुलगी अकरावीत होती. मधल्या काळात माझा उजवा खांदा धरला होता, हात डोक्याच्या वर जाईना. सरकारी दवाखान्यात एका मुलीने महिनाभर व्यायाम करून घेऊन तो सोडवला. माझी लेक रोज बरोबर यायची आणि बघत बसायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात फिजिओथेरपी बसली. साडेचार वर्षांचा कोर्स. फी ऐकून नवरा म्हणाला, "रिक्षा विकली तर पहिलं वर्ष होईल." तो विनोद करत होता, पण त्यालाही हसू आलं नाही. शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं आणि आम्ही दोघी मायलेकी बँकेत विचारायला गेलो.

बँकेतल्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पण त्यांनी मला काकू म्हटलं. ते मला आवडलं नाही. कर्ज मुलीच्या नावावर, सहकर्जदार म्हणून पालकाची सही, पालकाच्या पगाराचा कागद. मी गुंडाळी काढली. त्यांनी माझा पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं, मग स्क्रीन आमच्याकडे वळवली. कर्जफेडीचा स्कोअर म्हणून पाचशे ऐंशीच्या आसपास काहीतरी आकडा होता आणि फ्रीजरच्या कर्जापुढे एक शब्द होता, सेटल्ड.

"काकू, या स्कोअरवर होणार नाही," त्या म्हणाल्या.

"पण ते मी मिटवलंय," मी म्हणाले. मेसेज अजून जपून ठेवला होता, तो दाखवला.

"मिटवलंत, पण पूर्ण भरलं नाहीत ना. सेटल्ड म्हणजे कंपनीला उरलेले पैसे सोडून द्यावे लागले. कुठलीही बँक हे बघते."

मुलगी शेजारी होती. तिने माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, म्हणजे तू पैसे बुडवले होतेस?"

मॅडम की-बोर्डकडे बघायला लागल्या. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. लाज वाटली, एवढं आठवतं. मी आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही असं या मुलीला कितीदा ऐकवलं होतं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. फोनवर स्कोअर फुकट बघता येतो हे कळलं आणि मी दिवसातून चार-चारदा बघायला लागले. कंपनीच्या बसमध्ये, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, पॅकिंगचा पट्टा थांबला की लगेच. आकडा महिन्यातून एकदाच बदलतो असं खाली स्पष्ट लिहिलेलं असायचं. तरी मी बघायचे. मग वाटलं, या बँकेला आपण आवडलो नाही, दुसरीकडे काय म्हणतात बघू. एका आठवड्यात मी फोनवरून तीन ठिकाणी कर्जाचे अर्ज केले. कर्ज नकोच होतं, नुसतं देतात का ते बघायचं होतं. बाजारात चार दुकानं फिरून भाव विचारावा तसं. तिघांनी नाही म्हटलं आणि पुढच्या महिन्यात आकडा आणखी खाली आला. प्रत्येक अर्जाची नोंद होते, आणि अशा नोंदी वाढल्या की माणूस अडचणीत आहे असं धरतात, हे मॅडमनी नंतर सांगितलं. त्यांनी हात जोडून विनंती केली, "काकू, आता काही करू नका. मी सांगते तेवढंच करा."

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दहा हजारांची मुदत ठेव करायची आणि तिच्यावर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्यायचं. ते थोडंथोडं वापरायचं आणि बिल वेळेवर भरायचं. दुसरी, फ्रीजरच्या कंपनीत जाऊन सोडून दिलेले पैसे भरायचे आणि खातं पूर्ण फेडल्याचं पत्र घ्यायचं. दुसरी गोष्ट ऐकून मला हसू आलं होतं. सोडून दिलेले पैसे कोण भरतं?

दहा हजार जमायला पाच महिने लागले. नवऱ्याने गुटखा सोडला, हे त्यातलं सगळ्यात मोठं उत्पन्न. मी रविवारचा ओव्हरटाइम घेतला, म्हणजे पंचवटीही सुटली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला तो सांगेल तो भाव द्यायला लागले. मुलीने क्लास लावला नाही, वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या जुन्या नोट्स आणल्या. मला ते लागायचं, पण ती त्याबद्दल काही बोलायची नाही आणि मीही नाही. बँकेतल्या त्या प्रश्नानंतर आमच्यात तसं बोलणंच कमी झालं होतं.

कार्ड आलं. गॅस सिलिंडर आणि वाणसामान त्याच्यावर. डोक्यावर दोनशे रुपयांचं देणं आहे या विचाराने मी बेचैन व्हायचे. म्हणून दुकानातून घरी येईपर्यंत मी फोनवरून तेवढे पैसे कार्डात भरून मोकळी व्हायचे. तीन महिने असं केलं आणि मोठ्या तोऱ्यात मॅडमना सांगायला गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, बिल तरी येऊ द्या. तुम्ही बिल यायच्या आधीच भरून टाकता, मग तुम्ही कार्ड वापरलं हे कुणाला कळणार?" त्यांना हसू आवरेना. मी म्हणाले, "न भरलं तरी नाव खराब आणि आधी भरलं तरी पंचाईत, मग माणसाने करायचं काय?" त्या म्हणाल्या, "थांबायचं." तेच मला जमत नव्हतं.

फ्रीजरच्या कंपनीची शाखा शरणपूर रोडला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. काउंटरवरच्या माणसाने खातं काढून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे बंद आहे. तुमच्याकडे आमचं काही घेणं नाही."

"मला द्यायचंय," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग आतल्या माणसाला बोलावलं. पैसे द्यायला स्वतःहून कुणी आलेलं त्यांनी बघितलं नव्हतं, आणि कुठल्या खिडकीत घ्यायचे हे दोघांनाही माहीत नव्हतं. मुंबईला विचारून सांगतो म्हणाले. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी आकडा मिळाला. सोडलेले साडेअठरा हजार आणि वर दंड, मिळून तेवीस हजार दोनशे.

मी नांदगावला गेले. भावाची टपरी आता बरी चालते. फ्रीजर समोरच होता, वर प्लास्टिकची फुलाफुलांची चादर घातलेली, आत कुल्फ्या आणि बाटल्या गच्च. वहिनीने मला बसायला स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. भाऊ ऐकत राहिला, मग म्हणाला, "ताई, ते तर मिटलं ना? तूच म्हनली व्हती, चौदा हजारात मिटवलं म्हनून. मी तुला समदे चौदा दिले. नाय का?"

दिले होते. नांदगावला येताना बसमध्ये मी जे काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. हप्ते त्याने थांबवले हे खरं. पण खात्यातून पैसे काढून घेणारी मी, आणि बत्तीसचे चौदा करून गावभर मिरवणारीही मीच. त्याच्यावर चिडायला आले होते, आणि चिडायला जागा उरली नाही याचाच जास्त राग आला. तो म्हणाला, "आता लय वढ हाय गं. दिवाळीनंतर बघतो." निघताना पोरीसाठी म्हणून कुल्फ्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. त्या मनमाडपर्यंतही टिकल्या नाहीत, पिशवीचा तळ चिकट झाला.

मग उरली भिशी. कंपनीत आम्ही बारा जणी दरमहा दोन-दोन हजार टाकतो. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढतात, जिचं नाव निघेल तिचे त्या महिन्याचे चोवीस हजार. चिठ्ठी न काढता मधेच उचल हवी असेल तर सगळ्यांसमोर कारण सांगायचं, असा आमचा नियम आहे. आजवर कुणी ऑपरेशन सांगितलं होतं, कुणी लग्न. मी डबा बाजूला ठेवून म्हणाले की मला एक मिटलेलं कर्ज फेडायचंय. मग काय काय झालं ते सांगितलं. ज्या कँटीनमध्ये मी पराक्रम सांगितला होता तिथेच.

कुणी हसलं नाही. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्यातली एक म्हणाली, "म्हणजे माझंही तसंच दिसत असेल का? तुझं ऐकून मीपण सोळा हजारांत मिटवलं ना मोबाइलचं." दुसरीने नुसती मान हलवली. हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी फक्त माझं नुकसान केलंय. त्या महिन्याचे पैसे त्यांनी मला दिले, त्या दोघींनीही दिले.

शाखेत पैसे भरायला मुलगी माझ्याबरोबर आली. मी बोलावलं नव्हतं. बारावीची परीक्षा संपली होती, चप्पल घालून उभी राहिली, मी चल म्हणाले. काउंटरवरचा माणूस आता ओळखीचा झाला होता. कागद तयार करता करता तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः आलात म्हणून साहेब म्हणाले, दंडातले दोन हजार सोडून देऊ. मी बोलतो."

दोन हजार म्हणजे भिशीचा एक महिना. समोरचा स्वतःहून खाली येत होता, आणि माझ्या ओठांवर शब्द आले होते, तीन सोडा. चाळीस वर्षांची सवय. मी काउंटरची कड धरून ठेवली आणि म्हणाले, "नको. एक रुपया कमी करू नका. पूर्ण घ्या आणि पूर्ण घेतले असं लिहून द्या." माझा आवाज चढला होता बहुतेक, कारण रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. मुलगी या वेळी दहा पावलं लांब गेली नाही. माझ्या शेजारीच उभी राहून ती नोटा मोजत होती.

पत्र मिळालं. नोंद बदलायला महिना-दीड महिना लागेल म्हणाले. इकडे तिची प्रवेश परीक्षा झाली, निकाल आला, कॉलेज मिळालं, फी भरायची शेवटची तारीख ठरली. तारीख जवळ येत होती आणि फोनवर सेटल्ड तो सेटल्डच. कंपनीत माझ्या हातून एका खोक्यात दोनदा माल भरला गेला. घरी मी सगळ्यांवर खेकसत होते. नवरा म्हणायचा, "तू बघितलंस म्हणून तो लवकर बदलणार आहे का?" मी फोन त्याच्याकडे ठेवायला द्यायचे आणि दहा मिनिटांनी परत मागायचे.

शेवटच्या तारखेला नऊ दिवस होते तेव्हा सकाळी बसमध्ये बघितलं. क्लोज्ड. आकडा सहाशे नव्वदच्या थोडा वर. मी शेजारच्या बाईला दाखवलं, तिला काही कळलं नाही, तरी तिने माझा हात दाबला. मी रडले. बस अंबडला पोचेपर्यंत रडत होते.

बँकेत सह्या करायला तिघंही गेलो. मॅडमनी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. मुलीने एकेका पानावर सही केली, सावकाश, जीभ दाताखाली धरून. मग गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मॅडम म्हणाल्या, "काकू, नियम म्हणून सांगते. नोकरी लागल्यावर हिने हप्ते भरले नाहीत, तर ते तुमच्याकडून घेतले जातील." मी मान हलवली.

मुलगी म्हणाली, "आई, घाबरू नकोस. सही तुझी, पण हप्ते मीच भरणार."

तिला मामाचं ते वाक्य आठवत असायचं कारण नव्हतं. सातवीत होती, काचेची झाकणं सरकवत होती. पण माझा हात थांबला. दीड वर्ष मी ज्या एका सहीसाठी जिवाचं रान केलं होतं, तिच्यावर पेन टेकलं आणि पुढे जाईना. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसेल. नवरा छताकडे बघत होता, त्याला कळलं नाही. मुलीला कळलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "मी नाही बुडवणार."

मी सही केली. मॅडमनी ती माझ्या जुन्या सहीशी ताडून बघितली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. जुळत नव्हती. शेजारी पुन्हा एकदा करा म्हणाल्या. मी पेन धरलं, आणि मुलीने कागद हलू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर हात ठेवला.